भाव मिळाला, शिलाई बाकी: वसमत रोडवरच्या गाण्याच्या क्लासबद्दल

मोंढ्यात कापसाला भाव नाही आणि माझ्या गाण्यात भाव नाही, ही दोन वाक्यं मी परभणीत वीसेक वर्षं ऐकत आले. कापसाचं निदान कारण तरी सांगतात. ओलावा जास्त आहे, आवक वाढलीय, उठाव नाही. माझ्या गाण्याचं कारण कुणी सांगितलं नाही.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत शिवलेली नऊवारीसुद्धा. लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, मध्यमा पूर्णपर्यंत. शेवटच्या परीक्षेला परीक्षकांनी चष्मा काढून सांगितलं, "सूर पक्का, ताल पक्का, पाठांतर तर फारच पक्कं. भाव तेवढा कमी पडतो." पुढं लग्न, दोन मुलं, मशीन. मधे दोन ठिकाणी क्लास लावून पाहिला. एका ठिकाणचे सर डोळे मिटून "भाव आणा ताई, भाव!" म्हणायचे, जसं काही मी येताना पावशेर आणायचा विसरलेच. कुठून आणायचा, ते सांगायचे नाहीत. दुसरीकडे "मनातून गा" एवढाच मंत्र होता. घरी सासूबाईंचं परीक्षण सगळ्यांत थोडक्यात: "रडायलीस का गायलीस?"

म्हणून गेल्या जूनमध्ये शेजारणीनं वसमत रोडवरच्या या क्लासचं सांगितलं, तेव्हा मी फारशा आशेनं गेले नव्हते. आता नऊ महिने झालेत. चांगलंवाईट दोन्ही लिहिण्याइतकं पाहून झालंय.

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण नावच नाही. पाटी नाही, फळा नाही. खाली बियाण्या-खताचं दुकान आहे, तिथं "गाण्याच्या बाई" म्हटलं की पोऱ्या मान न वळवता वर बोट दाखवतो. बाई साठीच्या पुढच्या आहेत, निवृत्त शिक्षिका. शनिवार-रविवार दीड-दीड तास, महिना ९०० रुपये. आमच्या तुकडीत चौदा जण: अकरा वर्षांच्या मुलीपासून पासष्टीच्या भजनी काकांपर्यंत. हे सगळे एका सतरंजीवर. त्याबद्दल पुढं बोलते.

पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी गायला लावतील. मी घरून एक अभंग घोटून नेला होता. बाईंनी विचारलं, "काय करता?" म्हटलं, शिवते. "मग 'उद्या देते' हे दिवसातून किती वेळा म्हणता?" सगळे हसले. मीही हसले, कारण खरंच होतं.

"म्हणून दाखवा. जिचं खरोखर तयार आहे, फक्त हूक लावायचेत, तिला कसं म्हणता?"

मी म्हटलं. सहज, हलकं, शेवट खाली उतरलेला.

"आता जिचं उद्या लग्न आहे आणि तुम्ही कापडाला कात्रीसुद्धा लावलेली नाही, तिला?"

तेव्हा 'उद्या' लांबलं आणि 'देते' भर्रकन तोंडातल्या तोंडात गेलं. जिची मागची दोन बिलं थकलीत, तिला म्हणताना दोन्ही शब्द सपाट निघाले, कुठंच चढ नाही, मधे एक बारीक थांबा. आणि भाचीला म्हणताना 'दे'वर आवाज वर गेला आणि लाडात पसरला. मी काही ठरवून केलं नव्हतं. रोजचंच आहे.

बाई म्हणाल्या, "शब्द तेच. कुठं थांबलात, काय ओढलंत, काय गिळलंत, कुठं आवाज उचललात, एवढंच बदललं. आता हीच चार अक्षरं सा रे ग सा वर म्हणा. तीच लग्नाची पोरगी समोर आहे."

मी म्हटलं. उ-द्या-दे-ते. चारही अक्षरं फुटपट्टी लावल्यासारखी सारखी. सूर बिनचूक. पण लग्नाची पोरगी कुठंच नाही, थकलेलं बिलही नाही. मला स्वतःला ऐकू आलं ते. वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. बाईंनी टोमणा मारला नाही, फक्त पेटीचा भाता दाबून ठेवला आणि म्हणाल्या, "बोलताना तुमच्यात चार बायका आहेत. गायला लागलात की एकच मास्तरीण उरते."

आवाजाच्या अशा चढउतारानं, थांब्यानं त्याच शब्दाचा भाव बदलतो, याला शास्त्रात काकु म्हणतात, हे मला परीक्षा देऊनही धड माहीत नव्हतं. म्हणजे शब्द आला होता, दोन गुणांच्या टिपेत लिहिलाही असेल. बाईंनी सांगितलं की तेराव्या शतकात शारंगदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, तो देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या आश्रयाला असताना. आपल्याला देवगिरी म्हणजे फक्त मुंबईची गाडी. त्या ग्रंथात काकूचे सहा प्रकार दिलेत: स्वरकाकु, रागकाकु, अन्यरागकाकु, देशकाकु, क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु. यातला क्षेत्रकाकु मला फार आवडला. क्षेत्र म्हणजे शरीर. एकच राग दोन गळ्यांतून दोन छटांनी निघतो, ती त्या-त्या देहाची छटा. हे लक्षात ठेवा, कारण याच क्षेत्रकाकूवरून पुढं माझं आणि बाईंचं वाजलं.

दुसऱ्या महिन्यात माझा खरा रोग सापडला, आणि तो सापडला पायात. मी मांडी घालून गात होते, तर बाई एकदम म्हणाल्या, "पाय कशाला हलवताय?" माझा उजवा पंजा सतरंजीवर मागं-पुढं, मागं-पुढं चालू होता. पायमशीन! बावीस वर्षं पायमशीन चालवली, मोटर आत्ता चार वर्षांपूर्वी बसवली. गाताना मी मनात मशीन चालवत होते आणि प्रत्येक सूर म्हणजे एक टाका. सगळे टाके सारखे. टाक्याचा आकडा तीनवर ठेवला की शेवटपर्यंत तीन, तसं माझं गाणं.

बाईंनी शिवणातलंच विचारलं. "मशीनचा टाका सारखा हवा, बरोबर. चुण्या घालताना काय करता?"

चुण्या म्हणजे घेर गोळा करणं. दीड मीटर कापड अठ्ठावीस इंचाच्या कमरेत बसवायचं. दोरा ओढत न्यायचा, पुढं थोडं सपाट सोडायचं, बाजूंना दाट घ्यायचं. कमर अठ्ठावीसच राहिली पाहिजे, एक इंच इकडं-तिकडं चालत नाही. पण घेर कुठं दाटायचा आणि कुठं मोकळा सोडायचा, ते माझ्या हातात.

"मग भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणजे तुमची कमर," बाई म्हणाल्या. "ती हलणार नाही. शब्द म्हणजे घेर. तुम्ही तो इंचाला इंच सारखा वाटताय, म्हणून झगा परकरासारखा दिसतोय."

त्या दिवशी अभंगाची एकच ओळ आम्ही चाळीस मिनिटं घेतली. पहिले तीन शब्द दोन-अडीच मात्रांत गोळा करायचे, मग नामाच्या अक्षरावर पसरायचं, आणि समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेच्या, आधी अर्धी मात्रा रिकामी ठेवायची. रिकामी म्हणजे खरंच रिकामी, श्वासाचासुद्धा आवाज नाही. मला ती अर्धी मात्रा सोसत नव्हती. दोरा तुटल्यासारखं वाटायचं, मी धावत जाऊन सम पकडायची. सातव्या-आठव्या खेपेला थांबले. सम आली तेव्हा सतरंजीवरच्या भजनी काकांची मान आपोआप हलली. त्यांनी मला दाद दिली असं नाही म्हणत, ते बहुतेक सगळ्यांनाच मान हलवतात. पण ही समेवर हलली.

आता थोडं स्वरलिपीचं, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या पद्धतीचं सांगते. आम्ही परीक्षेसाठी भातखंडे पद्धतीनं वह्याच्या वह्या भरल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, वरून कमान, ओझरता लागणारा कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यापाशी बारीक अक्षरात. ती लिपी उत्तम आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण ती कागदी पॅटर्नसारखी. छाती छत्तीस, खांदा चौदा हे पॅटर्न सांगतो. जॉर्जेट त्याच मापात कसं पडेल आणि खण कसा ताठ उभा राहील, हे पॅटर्न सांगत नाही. मींडेची कमान कागदावर आहे, पण ती किती सावकाश ओढायची, मधल्या सुरांना किती चाटायचं, हे कुणाच्या तरी गळ्यातूनच कळतं. आधीच्या क्लासांत मला पॅटर्न मिळाला आणि वर "भाव आणा" मिळालं. मधलं काहीच नाही.

मधलं म्हणजे काय ते भूप आणि देशकारानं कळलं. दोन्हींत पाचच स्वर: सा रे ग प ध. मध्यम-निषाद दोन्हींत नाहीत. परीक्षेत मी लिहायची की भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. दोन गुण. बाईंनी लिहायला लावलं नाही. ग प ध प ग एवढीच सुरावट दिली आणि म्हणाल्या, "गंधारावर घरी आल्यासारखं या. पिशवी ठेवा, पाणी प्या." तसं गायलं तर भूप. मग म्हणाल्या, "आता गंधार म्हणजे नुसता बसथांबा. हात लावा आणि निघा. घर वर, धैवतावर आहे." सूर तेच, पेटीवरच्या पट्ट्या त्याच, आणि खोलीतला उजेडच बदलला. अकरा वर्षांची ती मुलगी म्हणाली, "बाई, सकाळ झाली." तिला वादी-संवादी काही माहीत नाही अजून.

माझी सगळ्यांत मोठी फजिती भैरवाच्या रिषभानं केली. भैरवातले रिषभ-धैवत कोमल, आणि नुसते कोमल नाहीत, आंदोलित. मी आंदोलन म्हणून जे करायची, ते खटारा एसटीच्या खिडकीच्या काचेसारखं. बाई म्हणाल्या, "हा पापड फडफडायलाय. मला दोरीवर वाळत घातलेलं ओलं लुगडं पाहिजे." ओलं लुगडं वाऱ्यानं कसं हलतं पाहिलंय ना? सावकाश. जड. एका टोकाला गेलं की क्षणभर तिथंच राहतं आणि मग परत निघतं. मध्यमावरून, गंधाराला चाटून रिषभावर उतरायचं, लगेच पकडायचा नाही, एका श्वासात तीन किंवा चार झोके, जास्त नाही. शेवटचा झोका सा मध्ये विरघळायला हवा.

याला मला पाच आठवडे लागले. इस्त्री करताना, हूक लावताना, तुरपाई करताना एकच रिषभ. आमचे हे म्हणाले, "दुसरा सूर शिकवायला जादा फी आहे का?" एका सकाळी तो लागला. मी मशीनपाशी होते, सासूबाई ओट्यापाशी. त्या काही बोलल्या नाहीत. दूध उतू गेलं. त्यांच्या हातून दूध उतू गेलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. मग म्हणाल्या, "गॅस पूस." मी पुसला.

आता तक्रारी. आहेत, आणि भरपूर आहेत.

पहिली तक्रार बाईंवर नाही, आमच्यासारख्या पालकांवर आहे. क्लासमध्ये लहान मुली येतात त्यातल्या निम्म्यांना टीव्हीवर जायचंय. त्यांच्या आया दारात मोबाईल धरून उभ्या आणि "एक्स्प्रेशन दे बाळा, एक्स्प्रेशन!" म्हणजे भुवया. भुवया वर गेल्या, हात छातीवर आला, डोळे अर्धे मिटले की एक्स्प्रेशन झालं. सूर तिकडं वाळूत. बाईंनी यावर उपाय केला तो मला फार पटला. खोलीत दोरी बांधून पडदा लावला आणि मुलींना पडद्यामागून गायला लावलं. पडद्यामागं भुवया कुणाला दिसणार? आता गळ्यातून काय येतंय तेवढंच. पहिल्या दिवशी दोन आया रुसून मुलींना घेऊन गेल्या, त्यातली एक परत आली. तो पडदा जुन्या दोन इरकलींचा मी शिवला. कड्या लावून, खाली जाड पट्टी घालून. त्याचंही पुढं सांगते.

दुसरी तक्रार बाईंवर. त्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, घ्यायच्या आधी त्या एक बारीक, तुटक श्वास घेतात. हुंकारासारखा. दिवाळीपर्यंत आमच्या तुकडीतल्या सगळ्या मुली मुखड्याआधी तसाच तुटक श्वास घ्यायला लागल्या. चांगल्या धडधाकट पोरी, दमा नाही, काही नाही! त्यांना वाटलं हाच भाव. बाई भैरवाचा झोका समजावताना हातानं हवेत लाट काढतात, तर सगळी खोली हातानं लाट काढते आणि गळा मात्र जागेवरच. मी धीर करून म्हटलं, "बाई, पहिल्या दिवशी तुम्ही क्षेत्रकाकु सांगितला. मग हे चौदा देह एकाच देहासारखे का वाजायलेत?" बाईंना राग आला. दोन रविवार माझ्याशी धड बोलल्या नाहीत. माझंही चुकलं असेल, चारचौघांत बोलले. पण मुद्दा चुकीचा नव्हता. गुरूच्या गळ्यातूनच शिकायचं हे खरं, दुसरी वाट नाही, पण त्या गळ्यातलं काय घ्यायचं आणि काय त्याचं त्याच्यापाशी ठेवायचं, हे कुणीतरी वेगळं करून दाखवायला हवं. नवी शिकाऊ मुलगी माझ्याकडं येते, तेव्हा माझी कात्री धरायची सवय उचलते आणि माझा वाकडा अंगठाही उचलते.

तिसऱ्या रविवारी बाईंनी चिठ्ठ्या आणल्या. चार चिठ्ठ्या: आनंद, दुःख, राग, शांत. एकेकानं चिठ्ठी उचलायची, पडद्यामागं जायचं आणि ठरलेली एकच सुरावट, शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात गायची. बाहेरच्यांनी ओळखायचं. बाई स्वतः गाणार नाहीत. म्हणजे नक्कल करायला समोर कुणीच नाही. माझ्यासाठी हा क्लास त्या दिवशी पैसे वसूल झाला.

राग लगेच ओळखू यायचा. स्वर तोडून, जोरानं, सुरुवातीलाच आघात. आनंदात लय वाढायची. दुःखात सगळे खाली-खाली, हळूहळू आणि स्वरास्वरांत मींड. मी 'दुःख' गायले तर चौघींनी 'शांत' म्हटलं. आणि 'शांत' तर जवळजवळ कुणालाच जमलं नाही. भजनी काकांचं 'शांत' ऐकून ती छोटी म्हणाली, "काका झोपले." कृषी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा येतो, कमी बोलतो, त्यानं तेव्हा सांगितलं की असा प्रयोग खरोखर झालाय. १९९९ साली लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन या संशोधकांनी ३० पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांचे १२ तुकडे ऐकवले. त्यांना आनंद, दुःख आणि राग ओळखता आला. शांत मात्र तसा ओळखता आला नाही. आपलं रागसंगीत न कळता, भाषा न कळता ओळखलं, ते कशावरून? लय किती, सुरावट साधी की गुंतागुंतीची, अशा गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला. मला ऐकून बरं वाटलं. म्हणजे परभणीत आणि परदेशात अडायची जागा एकच.

नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं आठ रस सांगितले, नववा शांत पुढं मानला गेला, अभिनवगुप्त या जुन्या टीकाकारानं त्याची जोरात बाजू घेतली. नंतर जोडलेला रसच गायला सगळ्यांत अवघड का, हे मी बाईंना विचारलंय. अजून उत्तर आलं नाही. पुन्हा रागावायला नको म्हणून मीही लावून धरलं नाही.

फेब्रुवारीत बाई आम्हाला तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकायला घेऊन गेल्या. याची वेगळी फी नाही, रिक्षाचे आपले आपण. गर्दी एवढी की मला कव्वालाचा चेहरा दिसलाच नाही, समोर एका बाप्याच्या खांद्यावर बसलेलं पोर आणि त्याच्या हातातला फुगा. त्यामुळं आपोआप पडद्याचा क्लास झाला. कव्वालानं एक ओळ पकडली ती सोडेचना. मी मोजलं, नऊ वेळा. पहिल्यांदा वजन 'तू'वर. मग तेच वजन सरकत क्रियापदावर गेलं. एकदा अर्धी ओळ सोडून दिली आणि ती मागच्या साथीदारांनी उचलली. आठव्यांदा इतक्या हळू म्हटली की टाळ्या थांबल्या. नवव्यांदा टाळ्यांसकट जी आली, तेव्हा फुगेवालं पोरसुद्धा मागं वळलं. मला 'उद्या देते' आठवलं. मी शेजारी असलेल्या आमच्या बाईंकडं पाहिलं, त्याही माझ्याकडंच पाहत होत्या.

उरलेल्या तक्रारी भराभर सांगते. जिना उभा आहे आणि कठडा नाही, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून जावं. पेरणीच्या दिवसांत खालच्या दुकानातून कीटकनाशकाचा वास वर येतो, आणि गाताना तोच वास फुप्फुसात ओढायचा. ट्रॅक्टरचे हॉर्न पेटीच्या पांढरी चार पट्टीत सा लावून बसतात, तो तर जाताच जात नाही. अकरा वर्षांच्या मुलीला आणि पासष्टीच्या काकांना एकाच पट्टीत गायला लावणं चूक आहे, दोघांचेही हाल होतात. दोन तुकड्या करा म्हणून आम्ही तीनदा सांगितलंय. फी आगाऊ द्यायची, बुडालेले दिवस बुडाले.

तबल्याची गोष्ट मात्र थोडी लांब आहे. नाव घालताना सांगितलं होतं की साथीला तबलजी असतील. ते येतात पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. बाकीचे दिवस डबीतला तबला, म्हणजे यंत्र. सूर लावायला, पाठांतराला यंत्र चालतं. पण ती समेआधीची रिकामी अर्धी मात्रा यंत्रापुढं ठेवताच येत नाही, म्हणजे ठेवता येते, पण मजा येत नाही. तबलजी म्हातारे आहेत, मूळचे पखवाजी, आयुष्य दिंड्यांत गेलं. मी थांबले की तेही डग्ग्यावरचा हात किंचित हलका करतात, माझ्याकडं बघत नाहीत, आणि समेला दोघं एकदम उतरतो. लय ढळत नाही, मी घड्याळ लावून पाहिलंय. मग काय बदलतं? दाब बदलतो. यंत्राचा प्रत्येक 'धा' सारखा असतो, माझ्या मशीनच्या टाक्यासारखा. ज्या क्लासमध्ये माझा पाय थांबवला, तिथंच महिन्यातले बहुतेक दिवस मशीन लावून ठेवायची, याला काय म्हणावं? बाई म्हणतात, ९०० रुपयांत तेवढंच परवडतं. मी १,१०० द्यायला तयार आहे, असं लिहून ठेवते इथं.

आणि वार्षिक कार्यक्रम. तो मंगल कार्यालयात झाला आणि माइकवाल्यानं एको इतका सोडला की माझा भैरवाचा रिषभ, पाच आठवडे कमावलेला, सात वेळा परत येऊन मलाच भेटला. ओलं लुगडं कसलं, अख्खी धोब्याची दोरी. बाईंनी आधी एकदा माइक तपासायला हवा होता. वर्षभर बारीक काम शिकवायचं आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्यावर रोलर फिरवायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

कुणी जावं? ज्यांचा सूर बऱ्यापैकी जागेवर आहे, स्वर-ताल ओळखता येतो, आणि "भाव नाही" ऐकून कान किटलेत, त्यांनी जरूर जावं. किमान चार महिने धरून जावं, त्याआधी फक्त स्वतःचे दोष ऐकू यायला लागतात आणि माणूस सोडून देतो. पहिल्या महिन्यात सोडणाऱ्या तिघी मी पाहिल्या. ज्यांना अजून सूर सापडायचाय त्यांनी आधी दुसरीकडं पाया करावा. इथं बाई मूळ अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, घोटून घेत नाहीत, त्यांना त्याचा कंटाळा आहे, हे त्या स्वतःच सांगतात. आणि मुलाला टीव्हीवर पाठवायचं असेल तर जाऊ नका, पडद्यामागं बसवतील.

पाचपैकी चार. एक गुण डबीतल्या तबल्याचा आणि एकोचा मिळून कापला.

पडद्याच्या शिलाईचे साडेतीनशे रुपये ऑक्टोबरपासून यायचेत. कड्यांचे पैसे वेगळे, ते मी धरलेच नाहीत. मागच्या रविवारी जिन्यात विचारलं, तर बाई म्हणाल्या, "उद्या देते." 'उद्या' लांब, 'देते' तोंडातल्या तोंडात.